आंब्याची पेटी आणि जावाची उधारी

आंबा हे फळ आहे, यावर वाद नाही. मग आंब्यांच्या पेटीला 'फळांची पेटी' म्हणता येईल का?

पेटीतून नुसतं काढायचं असेल तर खुशाल म्हणा, हाताला येईल ते फळच असेल. पण 'फळांची पेटी' म्हटलं की कुणीही तिच्यात केळं टाकू शकतो, आणि आंबे समजून पेटी उघडणारा फसतो. म्हणजे उत्तर नुसत्या पेटीवर नाही, तिचं तुम्ही काय करणार यावर ठरतं.

१९९६ मध्ये जावाची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात जेनेरिक्स नव्हते. साचा एकदाच लिहायचा आणि वापरताना 'स्ट्रिंगची यादी', 'तारखांची यादी' असं सांगायचं, ही सोय नव्हती. मग कुठल्याही वस्तूंच्या अ‍ॅरेमधल्या दोन जागांची अदलाबदल करणारं एकच फंक्शन लिहायचं कसं? जावाने तोडगा काढला: स्ट्रिंगचा अ‍ॅरे हा ऑब्जेक्टचाही अ‍ॅरे मानायचा. यालाच कोव्हेरिअन्स म्हणतात. केळ्याचा धोका उरलाच, म्हणून अ‍ॅरेमध्ये वस्तू ठेवताना, प्रोग्रॅम चालू असताना, तिचा प्रकार तपासला जातो. जुळला नाही तर अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन! कंपायलरने आधीच पकडायला हवी ती चूक वापरणाऱ्यासमोर फुटते.

इकडे संशोधक गप्प बसले नव्हते. मार्टिन ओडरस्की आणि फिलिप वाडलर यांनी १९९७ मध्ये 'पिझ्झा' ही जावाची विस्तारित भाषा मांडली. १९९८ मध्ये गिलाड ब्राखा आणि डेव्हिड स्टाउटामायर यांच्यासोबत 'जीजे' आली. तिच्याच पायावर २००४ मध्ये जावा ५ मध्ये जेनेरिक्स आले. इथे मात्र स्ट्रिंगची लिस्ट ही ऑब्जेक्टची लिस्ट नाही. फक्त काढायचं असेल तर 'एक्स्टेंड्स' लिहा, ठेवायचं असेल तर 'सुपर'. आपल्या पेटीचाच न्याय!

मग अ‍ॅरेचा नियम बदलला का? नाही. तोवर जगभर लिहिलेला कोड त्यावर उभा होता. २००२ च्या सी शार्पनेही तोच नियम उचलला होता, तिथेही तो आजतागायत आहे. सोय नव्हती म्हणून केलेला तोडगा सोय आल्यावरही राहिला.

तेव्हा कंपायलर लिस्टवरून अडून बसला की वैतागू नका. तो केळं अडवतोय.