तितराची सुट्टी

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्याचं नाव वर्तमानपत्रात येतं ते वाघामुळे. २०१८ च्या नोव्हेंबरात पांढरकवडा वनविभागात अवनी वाघीण मारली गेली तेव्हा आलं, आणि पुढच्याच वर्षी टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तेलंगणातून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला तेव्हाही आलं. तितराची बातमी कोण देणार? पण आपल्याकडे शिकारीला सरकारी वेळापत्रक लागलं ते वाघासाठी नव्हे, तितर-बटेरांसारख्या पाखरांसाठी. वाघ मारणाऱ्याच्या हातावर सरकार बक्षिसाचे रुपये ठेवत होतं, त्याच काळात तितराला विणीच्या दिवसांची सुट्टी देणारा कायदा झाला.

तो १८८७ चा वन्यपक्षी संरक्षण कायदा. त्याचा जीव लहान. नगरपालिका आणि लष्करी छावण्यांच्या हद्दीत, विणीच्या काळात नुकताच मारलेला किंवा पकडलेला रानपक्षी बाळगू नये, विकू नये, एवढ्यापुरते नियम करायची मुभा त्याने दिली. म्हणजे बंदी बाजाराला, माळाला नाही. खेड्यातल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, फासे मांडून बसलेल्या माणसाला या कायद्याचा वाराही लागला नसता. त्याचं गिऱ्हाईक मात्र शहरात होतं, ते अडायचं.

ही कल्पना आली विलायतेतून. तिथल्या १८३१ च्या गेम ॲक्टने प्रत्येक पाखराच्या तारखा बांधून दिल्या होत्या. माळावरचा ग्राउज १२ ऑगस्टपासून, तितर १ सप्टेंबरपासून, फेजंट १ ऑक्टोबरपासून. तितर आणि फेजंट यांचा हंगाम १ फेब्रुवारीला संपायचा. बंदूक घेऊन इथे आलेल्या साहेबाच्या डोक्यात हे पंचांग पक्कं होतं. भारतातली पाखरं त्यात बसवायची तर आधी ती नीट माहीत हवीत. ते काम ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केलं. मिठाच्या जकातीचा हा अधिकारी पुढे काँग्रेसच्या संस्थापकांत गणला गेला. मार्शल या सहलेखकासोबत त्याने शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले, १८७९ ते १८८१ या काळात.

खरा बंद हंगाम आला १९१२ च्या कायद्याने. प्रांतिक सरकारने कोणत्याही भागासाठी बंद काळ जाहीर करायचा. त्या काळात यादीतला पक्षी मारणं, पकडणं, विकणं, विकत घेणं, त्याची पिसं बाळगणं, सगळं गुन्हा. यादीत तितर, लावे-बटेर, पखुर्डी, रानकोंबडी, मोर, माळढोक. दंड पहिल्या खेपेला पन्नास रुपयांपर्यंत, पुन्हा सापडला तर शंभर किंवा महिनाभर कैद. पिकाच्या रक्षणासाठी मारलं तर माफ. ज्वारीच्या रानात ही पळवाट केवढी रुंद असेल ते शेतकऱ्याला सांगायला नको.

केळापुराचं त्यातही निराळं. हा तालुका आधी वणी जिल्ह्यातला. १९०५ मध्ये जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा, कारभार इंग्रजांचा, आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे आपसूक लागू व्हायचा नाही, तो वेगळा लावावा लागायचा. पुढे १९३५ मध्ये मध्य प्रांताने स्वतःचा शिकार कायदा केला, १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. पैनगंगेच्या अलीकडच्या तितराने जागेवरून न हलता एवढी राज्यं पाहिली.

आता पाखरांकडे बघू, कारण सगळी मेख इथेच आहे. बंद हंगामाला तारीख लागते, आणि माळावरची पाखरं एका तारखेला जुमानत नाहीत. करडा तितर काटेरी झुडपांचा, कोरड्या मुरमाड जमिनीचा रहिवासी. उन्हाळा लागताच, मार्च-एप्रिलमध्ये तो अंड्यांवर येतो आणि पावसाळ्यातही पिलं काढतो. त्याचा भाऊबंद चित्रित तितर पावसाची वाट बघतो. गवत गुडघ्याला लागल्याशिवाय त्याची मादी घर करत नाही. पावसाळी बटेरही नावाप्रमाणेच. पखुर्डीचं मात्र उलटं. हिवाळा सरता सरता आणि भर उन्हात, तापलेल्या उघड्या जमिनीवर ती अंडी घालते. आणि हिवाळ्यात दिसणारा मोठा बटेर तर उत्तरेकडून आलेला पाहुणा. पावसाळा बंद आणि हिवाळा खुला असा सरधोपट हिशोब धरला तर चित्रित तितर वाचतो, पखुर्डी सापडते आणि करड्या तितराची पहिली अंडी सुटीबाहेर राहतात. विलायती पंचांगात एकेका पाखराला आपली तारीख होती. इथे यादी लांब होती, पण पाखरागणिक बारकाई माळावर पाळून घ्यायला माणूस कुठून आणणार?

तो माणूस माळावरच होता, पण कायद्याच्या उलट्या बाजूला. फासेपारधी. पाखरांसाठी घोड्याच्या केसांचे फासे आणि पाळलेला तितर. पहाटे पिंजरा झुडपात ठेवायचा, भोवती फासे मांडायचे. पाळीव नर ओरडला की त्या मुलखाचा मालक भांडायला धावून येतो आणि पाय अडकवून बसतो. यासाठी कोणता नर कुठे ओरडतो, त्याची हद्द कुठवर, जोडी कधी जुळते, हे कानाला पाठ असावं लागतं.  

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. एक, सावज वाटून घेतलेलं होतं: नंदीवाले कुत्र्यांच्या साथीने डुक्कर, साळिंदर, घोरपड, वैदू कासवं आणि लहान मांसाहारी प्राणी, फासेपारधी काळवीट आणि पाखरं. दुसरी, फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं तर पारधी ते सोडून देत. यावरून पारध्याला ऋषी करायची गरज नाही. त्याचं पोट त्याच माळावर पुढच्या वर्षीही भरायचं होतं, म्हणून तो सोडत होता. माझ्या मते बंद हंगामाची ही जुनी शाखा आहे, विलायती शाखेहून अस्सल. तिला तारीख नव्हती. हातात आलेल्या जनावराकडे बघून निर्णय होत होता.

दोन शाखांची गाठ कधी पडली नाही. पडली असती तर बरं झालं असतं. शिकारीचा कायदा बंदूकवाल्याने लिहिला, त्यामुळे उडता तितर छऱ्याने पाडणं हा खेळ ठरला आणि बसता तितर फाशात धरणं ही चोरटेपणाची खूण. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही हा पोत शिल्लक होता. मूळ कायद्यात तितर, बटेर, पखुर्डी चौथ्या अनुसूचीत, म्हणजे ‘छोट्या शिकारी’त होते. परवाना काढून ती शिकार करता येई, मारलेल्याची नोंद ठेवावी लागे. जाळी-फाशांना मात्र वेगळा परवाना. १९९१ च्या दुरुस्तीने हे सगळं प्रकरणच काढून टाकलं. बंद हंगाम बारमाही झाला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कमाल दंड एक लाख झाला.

बंदी योग्यच होती. बंदुका, जीप आणि प्रखर दिव्यांपुढे कुठलाही हंगाम टिकला नसता. महामार्गावरच्या ढाब्यावर आज बटेर मिळतो तो पिंजऱ्यातला जपानी, १९७४ मध्ये इज्जतनगरच्या संस्थेत आणलेल्या जातीचा. पण बंदीबरोबर एक गोष्ट गेली. परवानेवाला निदान किती मारले ते लिहीत होता. आता कोणीच काही लिहीत नाही. १९९७ मध्ये टिपेश्वरचं अभयारण्य झालं, १४८.६३ चौरस किलोमीटरचं. तिथे वाघ पट्ट्यांवरून मोजले जातात. अभयारण्याबाहेरच्या धुऱ्यावरचा तितर कोणाच्या वहीत नाही.

आणि धोका आता धुऱ्यावरच आहे. ज्या इंग्लंडने हंगामाच्या तारखा शिकवल्या, तिथला तितर १९५० नंतर झपाट्याने घटला. तारखा पाळल्या जात होत्या, बंदुका वाढल्या नव्हत्या. डिक पॉट्स या संशोधकाने कारण शोधलं: तणनाशकाने शेतातलं तण गेलं, तणावरचे किडे गेले, आणि पहिले काही आठवडे किड्यांवरच जगणारी पिलं उपाशी मेली. तिथला उपाय साधा निघाला. पिकाच्या कडेचा पट्टा फवारायचा नाही.

केळापुरात पऱ्हाटीच्या तासांत आज चोर बीटी आहे, तणनाशक सोसणारं बियाणं. निंदणाची मजुरी परवडत नाही म्हणून शेतकरी ते लावतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. याच जिल्ह्यात २०१७ मध्ये कीटकनाशक फवारताना विषबाधेने वीसवर माणसं दगावली, तिथे पिलाच्या किड्यांची काळजी कोण करील? पण धुरा हा पिकाचा भाग नाही. दोन्ही बाजूंनी हातभर गवत आणि बोरीची झुडपं फवाऱ्यातून सोडली तर कापसाचा क्विंटलही कमी होत नाही.

अकोला-वाशीमकडे ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ माळ राखते, तणमोरासारख्या दुर्मीळ पाखरासाठी. तिथे पारध्याचा कान मोजणीच्या कामी येतो आहे. केळापुरातही मार्च-एप्रिलच्या पहाटे, नर ओरडायच्या वेळी, धुऱ्याधुऱ्याने हेच करता येईल. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. वही, पेन्सिल आणि पहाटे उठणारी दोन माणसं लागतात, त्यांतला एक पारधी.