साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील कबुली : एका कथायुक्तीची कुळकथा

अमेरिकेतील वकीलवर्गात, पेरी मेसन या कथेतल्या वकिलाच्या नावावरून, ‘पेरी मेसन क्षण’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. उलटतपासणी चालू असताना, म्हणजे एका पक्षाने उभ्या केलेल्या साक्षीदाराला विरुद्ध पक्षाचा वकील प्रश्न विचारत असताना, तो साक्षीदार कोसळतो आणि ज्या खुनासाठी दुसराच कोणी आरोपीच्या जागी बसला आहे तो खून आपणच केल्याचे भर न्यायालयात कबूल करतो, असा प्रसंग या शब्दप्रयोगाने सूचित होतो. हा प्रसंग प्रत्यक्षात जवळजवळ कधीच घडत नाही, हे वकील आणि न्यायाधीश दोघेही जाणतात. तरीही खटला म्हटला की सामान्य माणसाच्या मनात जे चित्र उभे राहते, त्याच्या मध्यभागी ही कबुली असतेच. तिचा उगम कायद्याच्या ग्रंथांत शोधू गेल्यास हाती काही लागत नाही, कारण तिचे कूळ स्वस्त कथामासिकांचे, एका वकील-लेखकाच्या हिकमतींचे आणि दूरचित्रवाणीच्या एका तासाच्या चौकटीचे आहे.

या युक्तीचा एक दूरचा पूर्वज मात्र खऱ्या न्यायालयात सापडतो. १८५८ च्या मे महिन्यात इलिनॉय राज्यातील बीअर्ड्सटाउन येथे अब्राहम लिंकनने विल्यम ऊर्फ डफ आर्मस्ट्राँग या तरुणाचा खुनाच्या आरोपातून बचाव केला. चार्ल्स अ‍ॅलन या साक्षीदाराने, आपण रात्रीच्या वेळी सुमारे दीडशे फुटांवरून, चंद्राच्या उजेडात आरोपीला प्रहार करताना पाहिले, असे शपथेवर सांगितले होते. लिंकनने पंचांग मागवून त्या घटकेला चंद्र मावळतीकडे क्षितिजालगत पोहोचला होता हे दाखवून दिले आणि ज्यूरीने, म्हणजे निकाल देण्यासाठी निवडलेल्या बारा नागरिकांच्या मंडळाने, आर्मस्ट्राँगला निर्दोष ठरवले. उलटतपासणीचे खरे सामर्थ्य एवढेच असते: साक्षीदाराच्या शब्दावर किती भरवसा ठेवावा हे तिने उघड करावे. अ‍ॅलनने कसलीही कबुली दिली नाही आणि ती देण्याचे त्याला कारणही नव्हते. पुढे १९३९ मध्ये जॉन फोर्डने ‘यंग मिस्टर लिंकन’ या चित्रपटात याच खटल्यावर कथानक बेतले, तेव्हा मात्र पंचांगापुढे निरुत्तर झालेला साक्षीदार स्वतःच खुनी निघाला आणि त्याने तसे न्यायालयात कबूलही केले. मधल्या एक्याऐंशी वर्षांत कथेला कबुलीची चटक लागली होती.

ती लावणाऱ्यांत अर्ल स्टॅन्ली गार्डनर (१८८९–१९७०) हा अग्रगण्य होय. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या या माणसाचे कायद्याचे औपचारिक शिक्षण नगण्य होते. इंडियाना राज्यातील एका विद्यापीठात जेमतेम महिनाभर काढल्यानंतर त्याने वकिलांच्या कचेऱ्यांत बसून स्वतःच अभ्यास केला आणि १९११ मध्ये कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळवली. ऑक्सनार्ड आणि व्हेंचुरा या गावांत त्याची वकिली चालली आणि त्याच्या अशिलांत चिनी व मेक्सिकन स्थलांतरितांचा भरणा मोठा होता. हे लोक गरीब होते, त्यांना इंग्रजी बेताचेच येत असे आणि पोलिसांच्या दृष्टीने ते आधीच दोषी असत. सोडतीच्या जुगाराबद्दल चिनी दुकानदारांवर वॉरंट निघाले असता गार्डनरने त्यांना एकमेकांच्या दुकानांत बसवले आणि ज्यांना आपण ओळखतो असे पोलीस सांगत होते त्यांना ते ओळखत नाहीत हे सिद्ध केले, अशी हकीकत त्याच्या चरित्रात येते. ओळख पटवणारी साक्ष किती ठिसूळ असते याचे हे ज्ञान पुढे त्याच्या कथांना जन्मभर पुरले.

वकिलीच्या बरोबरीने गार्डनर ‘पल्प’ मासिकांसाठी, म्हणजे लाकडी लगद्याच्या हलक्या कागदावर छापल्या जाणाऱ्या स्वस्त कथामासिकांसाठी, रात्री जागून लिहीत असे. तेथे मोबदला शब्दांच्या संख्येवर मिळे, त्यामुळे लेखकाला झपाट्याने लिहावे लागे आणि वाचकाला शेवटच्या पानापर्यंत धरून ठेवण्याची एखादी हुकमी कळ हाताशी असावी लागे. १९३३ मध्ये ‘द केस ऑफ द व्हेल्व्हेट क्लॉज’ ही पेरी मेसनची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. नायकाचे नाव गार्डनरच्या बालपणीच्या वाचनातून आले होते. तो लहानपणी ‘द यूथ्स कंपॅनियन’ हे जे मुलांचे नियतकालिक वाचत असे, त्याच्या प्रकाशनसंस्थेचे नाव पेरी मेसन होते. १८९६ मध्ये मेल्व्हिल डेव्हिसन पोस्टने रँडॉल्फ मेसन नावाचा वकील रंगवला होता, परंतु तो कायद्यातील पळवाटा शोधून गुन्हेगारांना सोडवणारा होता. गार्डनरचा मेसनही कायद्याच्या कडेकडेने चालतो, पण अशील निर्दोष आहे या विश्वासाने चालतो, आणि दोघांत हा फरक मूलभूत आहे.

आरंभीच्या कादंबऱ्यांतील मेसन रांगडा आहे. तो पुराव्याशी खेळतो, पोलिसांना हुलकावण्या देतो आणि न्यायालयाबाहेरच बराचसा डाव मांडतो. १९३७ पासून ‘सॅटरडे इव्हनिंग पोस्ट’सारख्या घराघरांत जाणाऱ्या साप्ताहिकात त्याच्या कथा क्रमशः येऊ लागल्यावर त्याच्या वागण्यात सभ्यपणा आला आणि न्यायालयातील दृश्यांचे वजन वाढले. त्या दशकात वॉर्नर ब्रदर्सने काढलेले सहा चित्रपट गार्डनरला मुळीच रुचले नाहीत. १९४३ ते १९५५ या काळात सीबीएसवर चाललेली पंधरा मिनिटांची दैनिक नभोनाट्यमालिका लोकप्रिय झाली, पण तिचा कल कौटुंबिक गुंतागुंतीकडे होता. ती त्याच रूपात दूरचित्रवाणीवर नेण्यास गार्डनरने नकार दिला, तेव्हा तिच्या कर्त्यांनी मेसनचे नाव गाळून ‘द एज ऑफ नाइट’ ही निराळी मालिका काढली. गार्डनरचा हा हट्ट योग्य होता. त्याने नमते घेतले असते, तर मेसन दुपारच्या असंख्य मालिकांतील एक पात्र होऊन विरून गेला असता.

२१ सप्टेंबर १९५७ रोजी सीबीएसवर सुरू झालेली ‘पेरी मेसन’ ही मालिका २२ मे १९६६ पर्यंत चालली आणि तिचे २७१ भाग झाले. गेल पॅट्रिक जॅक्सन ही पूर्वाश्रमीची चित्रपट अभिनेत्री तिची कार्यकारी निर्माती होती. त्या काळी रात्रीच्या मुख्य वेळेतील मालिकांत हे पद स्त्रीकडे असणे दुर्मीळ होते, आणि मालिकेला जी शिस्त लाभली तिचे श्रेय जॅक्सनला जितके मिळावयास हवे तितके मिळालेले नाही. मेसनची भूमिका करणारा रेमंड बर याची चाचणी आरंभी सरकारी वकील हॅमिल्टन बर्गरच्या भूमिकेसाठी झाली होती. त्याच्या भारदस्त देहयष्टीने आणि खालच्या पट्टीतील आवाजाने कादंबरीतील चलाख मेसनला एक गांभीर्य आले, आणि त्या गांभीर्यामुळेच साक्षीदाराचे कोसळणे प्रेक्षकाला अपरिहार्य वाटू लागले.

या मालिकेच्या रचनेत कबुलीची युक्ती कशी घट्ट बसली, हे तपशिलाने पाहण्याजोगे आहे. साधारणतः पहिल्या अर्ध्या भागात मृताशी वैर असलेली पाच-सहा माणसे दिसत, खून होई आणि त्यांपैकी सर्वांत असहाय माणूस मेसनचा अशील म्हणून पकडला जाई. उत्तरार्ध न्यायालयात घडे. हे न्यायालय बहुतेक वेळा प्राथमिक सुनावणीचे असे. कॅलिफोर्नियात आरोपीवर पूर्ण खटला चालवण्याइतका पुरावा आहे की नाही, हे न्यायाधीश ज्या टप्प्यावर एकटाच तपासतो, तो हा टप्पा होय. तेथे ज्यूरी नसते, म्हणून बारा नटांचा खर्च वाचे, ज्यूरीपुढील लांब भाषणे टळत आणि निकालासाठी ताटकळावेही लागत नसे. परंतु ज्यूरी नसेल तर तिच्या निकालाचा थरारही नाही, आणि अवघ्या तासाभरात प्रेक्षकाला निःसंशय समाधान तर द्यावयाचे. ही पोकळी भरून काढण्यास खऱ्या गुन्हेगाराच्या तोंडच्या कबुलीइतके सोयीचे दुसरे काहीच नव्हते. कधी ती पिंजऱ्यातील साक्षीदाराकडून येई, तर कधी मागच्या बाकांवर बसलेला कोणीतरी ताण असह्य होऊन उभा राही. काटकसरीतून जन्मलेली ही तडजोड जगभर न्यायालयीन नाट्याचा नमुना मानली गेली.

कायद्याच्या दृष्टीने या युक्तीत दोन मोठी छिद्रे होती. पहिले असे की अमेरिकेच्या राज्यघटनेतील पाचव्या दुरुस्तीनुसार स्वतःला गुन्ह्यात गोवणारे उत्तर देण्यास साक्षीदार नकार देऊ शकतो; म्हणजे मेसनच्या पिंजऱ्यातील खुन्याने गप्प राहण्याचा आपला हक्क सांगितला असता तर प्रश्नांचा सगळा मारा वाया गेला असता. भारतात व्यवस्था वेगळी आहे: १८७२ च्या साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नुसार साक्षीदाराला असे उत्तर टाळता येत नसे, परंतु ते देण्यास भाग पाडले गेले असल्यास, खोट्या साक्षीचा खटला वगळता, ते त्याच्याविरुद्ध वापरता येत नसे. पिंजऱ्यात काढून घेतलेल्या अशा उत्तरावर हिंदी चित्रपटातला खलनायक फासावर जाऊ शकतो, खरा आरोपी नाही. दुसरे छिद्र अनपेक्षित पुराव्याचे. मालिका सुरू झाली त्याच १९५७ मध्ये जेंक्स खटल्याच्या निकालाने आणि त्यापाठोपाठ झालेल्या कायद्याने सरकारी साक्षीदारांचे पूर्वीचे जबाब बचाव पक्षाला उपलब्ध करून दिले. १९६३ च्या ब्रेडी निकालाने आरोपीला अनुकूल असा पुरावा दडवून ठेवण्यास सरकार पक्षाला मनाई केली. कायदा खटल्यातील धक्के कमी करू पाहत असताना पडदा धक्क्यांवरच जगत होता.

तरीही हा प्रभाव पडद्यापुरता राहिला नाही. साक्षीदार कोसळत नाही म्हणजे बचाव लंगडा आहे, असे ज्यूरीला वाटू लागल्याची चर्चा वकीलवर्गात झाली. २००० साली सुरू झालेल्या ‘सीएसआय’ मालिकेनंतर न्यायवैद्यक पुराव्याबाबत जी कुरकुर ऐकू आली, तिचे हे आधीचे रूप होय. दुसऱ्या बाजूला, ही मालिका पाहून कायद्याकडे वळलेल्यांत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढलेल्या सोनिया सोतोमायोर यांचा समावेश होतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयावरील नियुक्तीपूर्वी सिनेटसमोर झालेल्या सुनावणीत त्यांनी या मालिकेचा उल्लेख केला, पण त्यांच्या मनावर ठसला होता तो सतत हरणारा सरकारी वकील: निर्दोष माणूस सुटला तर आपलेही कर्तव्य पार पडले, अशी त्याची भूमिका एका भागात त्यांनी पाहिली होती. मेसन खरोखर हरल्याचे प्रसंग विरळा. १९६३ मधील ‘द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट’ या भागात त्याच्या अशिलाला मृत्युदंडाची शिक्षा होते, पण शेवटी तीही टळते. बर यांनी १९८५ पासून १९९३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत दूरचित्रपटांतून ही भूमिका पुन्हा केली आणि २०२० मध्ये एचबीओने मेसनला मंदीच्या काळातील लॉस एंजेलिसमध्ये नव्याने उभे केले.

या युक्तीचा सर्वांत खोल परिणाम मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. फौजदारी खटल्यात सिद्धिभार, म्हणजे आरोप शाबित करण्याचे ओझे, सरकार पक्षावर असते. बचावाच्या वकिलाने त्या पुराव्याबद्दल वाजवी शंका निर्माण केली की त्याचे काम संपते, मग खुनी कोण हे कळो वा न कळो. मेसनने हे ओझे नकळत आपल्या खांद्यावर घेतले. त्याचा अशील सुटतो तो खरा खुनी सापडल्यामुळे, आणि आठवड्यामागून आठवडे नऊ हंगाम हे पाहिलेल्या प्रेक्षकाला पुराव्याअभावी झालेली सुटका अर्धवट, किंबहुना संशयास्पद वाटू लागते. स्वतः गार्डनरला हे अंतर चांगले ठाऊक होते. १९४८ मध्ये त्याने ‘आर्गोसी’ मासिकाच्या साहाय्याने ‘द कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट’ नावाचे एक तज्ज्ञमंडळ उभे केले. चुकीने शिक्षा झालेल्या कैद्यांची प्रकरणे ते नव्याने तपासत असे. तेथे पिंजऱ्यातील कबुल्या नव्हत्या. जुने जबाब, ओळखपरेडीतील चुका आणि न्यायवैद्यक अहवाल यांची कंटाळवाणी छाननी होती. त्यावरील त्याच्या १९५२ च्या पुस्तकाला रहस्यकथालेखकांच्या संघटनेचा एडगर पुरस्कार मिळाला, आणि न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली स्थापन झालेल्या ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ने हेच काम पुढे डीएनए चाचणीच्या बळावर केले. गार्डनरच्या ऐंशीहून अधिक मेसन-कादंबऱ्यांपेक्षा हे काम मोलाचे ठरते.

अमेरिकेत आज बहुसंख्य फौजदारी प्रकरणे साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत; सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नमूद केल्याप्रमाणे संघीय न्यायालयांतील ९७ टक्के आणि राज्यांतील ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीने स्वतः दोष मान्य केल्यामुळे होतात, आणि हे मान्य करणे बहुधा कमी शिक्षेच्या सौद्याचा भाग असते. त्या व्यवस्थेत काय किंवा भारतीय न्यायालयांत काय, एखादा आरोपी सुटल्याची बातमी वाचणाऱ्याने ‘मग खून केला कोणी?’ हा मेसनने शिकवलेला प्रश्न बाजूला ठेवावा आणि सरकार पक्षाने आरोप सिद्ध केला होता काय, एवढेच आधी पाहावे.