आदिवासी युवा सेवा संघ

आदिवासी युवा सेवा संघ ही उत्तर कोकणातील आदिवासी समाजात कार्य करणारी संस्था आहे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळवून देण्यासाठी घेतलेल्या पुढाकारामुळे ती विशेष परिचित आहे. या कलेची नोंदणी २०१४ मध्ये झाली. त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला.

पार्श्वभूमी

वारली जमातीची वस्ती जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी, विक्रमगड या तालुक्यांत, तसेच लगतच्या दक्षिण गुजरातेत व दादरा-नगर हवेलीत आहे. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढण्याची परंपरा मूलतः विधीशी निगडित होती. लग्नप्रसंगी सुवासिनी 'चौक' लिहीत, त्यात पालघट देवीची आकृती असे आणि धवलेरी विधीची गाणी म्हणे. चित्रावर नाव घालण्याची प्रथा नव्हती. ते घराचे व पाड्याचे असे.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे ही चित्रे कागदावर व कापडावर उतरली. गंजाड येथील जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांच्यामुळे ती जगभर पोहोचली; त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. जपानमधील तोकामाची येथील मिथिला संग्रहालयातही वारली चित्रकारांनी काम केले आहे. मात्र प्रसिद्धीबरोबर अनुकरणही वाढले. कपडे, भांडी व भेटवस्तूंवर 'वारली' नावाने यंत्राने छापलेल्या आकृत्या विकल्या जाऊ लागल्या. त्यांचा मोबदला मूळ कलाकारांपर्यंत पोहोचेल, अशी कोणतीही व्यवस्था नव्हती.

भौगोलिक मानांकन

भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. या कायद्यानुसार अर्ज एकट्या कारागिराला करता येत नाही. उत्पादकांच्या हिताचे प्रतिनिधित्व करणारी संघटना किंवा प्राधिकरणच तो करू शकते. जिच्या कलेला कर्त्याचे नावही नव्हते, त्या जमातीला कायद्यापुढे उभे राहण्यासाठी संघटनेची गरज होती. संघाच्या कार्याचे महत्त्व यात आहे.

नोंदणीची मुदत दहा वर्षे असून तिचे नूतनीकरण करता येते. हा हक्क विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. कलाकारांना 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. मानांकनाचा खोटा वापर केल्यास ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. पुढे कलेच्या संवर्धनासाठी 'वारली आर्ट फाउंडेशन' ही ना-नफा तत्त्वावरील कंपनीही स्थापन झाली.

जव्हार व मोखाडा

या दोन तालुक्यांत भात, नाचणी व वरई ही पावसावरची पिके घेतली जातात. सुगी संपल्यावर अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, ठाणे व नाशिककडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी जातात. मोठ्यांचे पाहून शिकायची ही कला असल्याने, वर्षातील काही महिने पाडा रिकामा राहिला की शिकण्याची साखळी तुटते. चित्रकलेतून गावातच उत्पन्न मिळाले, तर हे स्थलांतर काही प्रमाणात टळू शकते. म्हणूनच मानांकनाचा प्रश्न रोजगाराशी जोडला जातो.

मर्यादा

मानांकनामुळे नावाचे संरक्षण होते, बाजारपेठ आपोआप मिळत नाही. एखाद्या चित्रकाराच्या विशिष्ट चित्राचे रक्षण प्रताधिकार कायद्याने होते. शिवाय ही नोंदणी चित्रकलेपुरती आहे. तारपावादन किंवा मोखाड्यातील प्रसिद्ध बोहाडा उत्सवाचे मुखवटे तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचे जतन आजही गावकी आणि परंपरेने सोंगे सांभाळणारी घराणी करीत आहेत.