चीज, डोकेदुखी आणि मनाच्या गोळ्या

मागच्या महिन्यात एका गटाची बैठक होती. हप्ते मोजून झाले, पासबुकं मिटली, तेव्हा एक वहिनी हळूच म्हणाली, "ताई, त्या गोळ्या मी बंद केल्या. दहा दिवस खाल्ल्या, काही फरक नाही. सासूबाई म्हणतात, सवय लागेल." बाळंतपणानंतर तिचं मन कशात लागत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी उदासीवरच्या गोळ्या दिल्या होत्या. आम्हाला धड उत्तर देता आलं नाही. मग आम्ही डॉक्टर बाईंना विचारलं, थोडं वाचलं, आणि या गोळ्यांचा इतिहासच हाती लागला.

ही औषधं कुणी ठरवून शोधली नाहीत. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर, सी व्ह्यू नावाच्या हॉस्पिटलात, टीबीच्या रोग्यांना इप्रोनियाझिड हे नवं औषध देऊन बघत होते. मरणाला टेकलेली माणसं जेवू लागली, हसू लागली, वॉर्डात नाचू लागली. त्याचे फोटो पेपरात छापून आले. पुढे १९५७ मध्ये नेथन क्लाइन या डॉक्टरांनी तेच औषध उदास रोग्यांना देऊन पाहिलं. टीबीचा कोर्स मध्येच सोडला तर काय होतं, हे आपल्याला आशाताईंनी शिकवलंय. मनाची गोळी त्याच घरातून आली, हे ऐकून आम्हाला नवल वाटलं.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून हे डॉक्टर इमिप्रामिन नावाचं औषध तपासत होते. ते दुसऱ्याच मानसिक आजारासाठी आणलं होतं, तिथे चाललं नाही. उदास रोग्यांवर मात्र चाललं. १९५७ मध्ये झुरिकच्या मोठ्या परिषदेत कून यांनी हे सांगितलं, तेव्हा ऐकायला जेमतेम डझनभर माणसं होती. आपल्या महिला ग्रामसभेसारखंच म्हणा! पण दुखणं संपायच्या आत औषध थांबवलं तर ते परत येतं, हेही कून यांनी तेव्हाच पाहिलं होतं.

आता चीजची गोष्ट. इप्रोनियाझिडच्या जातीच्या गोळ्या इंग्लंडमध्येही खूप खपल्या. काही रोग्यांचं डोकं एकाएकी फुटल्यासारखं दुखे, रक्तदाब भडके. काहींचा जीवही गेला. कारण कळेना. १९६३ च्या सुमारास नॉटिंगहॅमच्या रो नावाच्या औषधतज्ज्ञाने लंडनच्या तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांना पत्र लिहिलं. रो यांची बायको अशी गोळी घेत होती, आणि चीज खाल्लं की तिला हा त्रास होत होता. डॉक्टरांना आधी हसू आलं. मग तपासलं, तर खरं निघालं. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामिन नावाचा पदार्थ असतो. एरवी शरीर तो पचवून टाकतं, पण ही गोळी पोटात असली की तो साचतो आणि रक्तदाब चढतो. मोठमोठ्या डॉक्टरांना न दिसलेलं ते बायकोच्या ताटाकडे बघणाऱ्या नवऱ्याला दिसलं. (ताजं पनीर घाबरून सोडू नका. आणि आज आपल्याकडे बहुतेकांना मिळतात त्या गोळ्या वेगळ्या जातीच्या आहेत.)

पण आजच्या गोळ्यांचंही दुसऱ्या औषधांशी भांडण होतं. दुकानातून आणलेली कंबरदुखीची गोळी, खोकल्याचं औषध, झाडपाला, दारू, सगळं डॉक्टरांना सांगायचं. लाज धरायची नाही. पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल तर तेही सांगा, पण स्वतःच्या मनाने गोळी सोडू नका.

दहा दिवसांत फरक का नाही? कारण गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. मळमळ, तोंड कोरडं पडणं, झोप बिघडणं मात्र पहिल्याच आठवड्यात येतं, आणि बाई तिथेच हात टेकते. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने किंवा जास्त काळ गोळी चालते. दारू-तंबाखूसारखी तलफ तिची लागत नाही. पण एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, बेचैनी होते, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. शेजारणीची चिठ्ठी बघून आणायची तर मुळीच नाही. पाकीट पोरांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. यातल्या काही जुन्या गोळ्या जास्त पोटात गेल्या तर जीव घेतात.

आणि सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलींमध्ये, तगमग वाढली किंवा जीव द्यायचे विचार आले, तर तिला एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली मानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत.

त्या वहिनीबरोबर आम्ही सासूबाईंनाही दवाखान्यात नेलं. वहिनी कंबरेसाठी दुकानातली गोळी रोज घेत होती, हे सासूबाईंनीच सांगितलं. ते कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी ती बदलली, आणि उदासीची गोळी पुन्हा सुरू केली. आता पाकीट सासूबाईंच्या पेटीत असतं, आणि कॅलेंडरवर खूण त्याच करतात. परवा वहिनी बैठकीला आली. चौथा आठवडा चाललाय. झोप लागते म्हणाली. बाकी अजून जड आहे.