कापूस वेचणारा जीन आणि खेळाडूंची संघटना

आजची गोष्ट लांबच्या देशातल्या खेळाडूची आहे. पण ती कापसाच्या शेतातून सुरू होते, म्हणून आम्हाला ती जवळची वाटली.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात रॉब्सटाउन हे गाव आहे. तिथे 15 ऑगस्ट 1945 रोजी एका कृष्णवर्णीय कुटुंबात जीन अपशॉ जन्मला. लहानपणी तो कापूस वेचायला जाई. बोंडाचं वाळलेलं टोक नखात शिरलं की काय होतं, ते वेचणीला गेलेल्या बाईला सांगायला नको.

शाळेत तो जेमतेम एक वर्ष फुटबॉल खेळला. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात लांबट चेंडू हातात घेऊन पळतात आणि समोरचे अंगावर धावून येतात. पुढे किंग्सव्हिलच्या कॉलेजात जीन मैदानाबाहेर उभा राहून सराव बघत होता. तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला आत बोलावलं. कॉलेजच्या वर्षांत त्याची उंचीही वाढली, सहा फूट पाच इंच झाली.

1967 साली ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाने त्याला घेतलं. त्याची जागा होती पुढच्या रांगेत. या रांगेतला गडी चेंडू घेऊन पळत नाही. समोरच्यांना अंगावर घ्यायचं आणि मागच्याला वाट करून द्यायची, हे त्याचं काम. टाळ्या मागच्याला मिळतात. घरात आणि शेतात असं काम कोण करतं, हे आपण जाणतोच. जीनने ते 15 हंगाम, 217 सामने केलं. त्याच्या संघाने दोनदा सर्वोच्च विजेतेपद मिळवलं.

1983 मध्ये तो खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला. तेव्हा करार संपला तरी खेळाडूला मनासारखा दुसऱ्या संघात जाता येत नसे. मालक ठरवेल ते खरं. 1987 मध्ये या हक्कासाठी संप झाला. मालकांनी बदली खेळाडू आणून सामने चालू ठेवले. काही संपकरीही फुटून कामावर गेले. 24 दिवसांत संप मोडला आणि हाती काहीच आलं नाही.

पण जीन थांबला नाही. त्याने वाट बदलली. मैदानावर जमलं नाही ते न्यायालयात मागितलं. संघटना मालकांशी वाटाघाटी करते तोवर मक्तेदारीविरोधी कायद्याखालचा दावा टिकत नव्हता. म्हणून 1989 मध्ये संघटनेने वाटाघाटीचा अधिकारच सोडला आणि खेळाडूंनी दावे लढवले. अखेर 1993 मध्ये करार झाला आणि ठरावीक वर्षं खेळलेल्यांना संघ निवडायचा हक्क मिळाला. बदल्यात संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली, तीही त्यांनी मान्य केली.

सगळेच खूश होते असं नाही. जुन्या, निवृत्त खेळाडूंनी पेन्शन आणि दुखापतींच्या मदतीवरून त्याच्यावर कडक टीका केली. 2008 मध्ये तो वारला तेव्हाही तो संघटनेचा प्रमुखच होता आणि हा वाद मिटलेला नव्हता.

गट चालवताना आम्हाला यातल्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक मागणी फसली म्हणून गट मोडायचा नसतो, वाट बदलायची असते. आणि हक्क मिळाल्यावर ज्या थकून घरी बसल्या, त्यांनाही हिशेबात धरायचं असतं. तुमच्या पुढच्या बैठकीत जुन्या सदस्यांची नावं एकदा वाचा. कोण येत नाही, का येत नाही, ते घरी जाऊन विचारा.