इंदूरचे हुसेन आणि पणजीतला न झालेला खेळ

नात्यातल्या एका लग्नासाठी रजा काढून इंदूरला गेलो होतो. आम्हा गोंयकारांना इंदूर ठाऊक ते लताबाईंमुळे. मंगेशीच्या दीनानाथांची ही लेक 1929 साली तिथे जन्मली. मला मात्र सराफ्यात खात हिंडताना आठवत होते मकबूल फिदा हुसेन. जन्म पंढरपूरचा, बालपण इंदूरचे आणि चित्रकलेचे धडे देवळालीकर मास्तरांच्या शाळेत. बेंद्रेही याच मास्तरांचे शिष्य!

पुढे मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरणाऱ्या या माणसाने 1967 साली फिल्म्स डिव्हिजनसाठी स्वतःच लघुपट केला, 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर'. रूढ अर्थाने गोष्ट नाहीच. राजस्थानातली गावे, माणसे आणि मध्येच एखादी छत्री, कंदील, जोडा... बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटांचे सुवर्ण अस्वल मिळाले.

2004 पासून इफ्फी आमच्या पणजीत भरतो. 2008 साली तिथे हाच लघुपट दाखवायचे ठरले, विरोध झाला आणि खेळ रद्द झाला. देवतांच्या चित्रांनी ज्यांचे मन दुखावले त्यांना मी खोटे म्हणणार नाही. पण वाद होता चित्रांचा आणि शिक्षा झाली चाळीस वर्षांपूर्वीच्या लघुपटाला, हे मला तेव्हाही पटले नव्हते. हुसेन 2006 सालीच देश सोडून गेले होते. 2010 साली ते कतारचे नागरिक झाले, 2011 साली लंडनमध्ये वारले.

लघुपट मी पुढे पाहिला, पण घरी, संगणकावर. पणजीच्या पडद्यावर पाहायचा तो राहूनच गेला.