भांडारकरांच्या दोन बुक आणि आपला उपाश्रय



मागे चातुर्मासात मी वंदनाला गेले होते, तेव्हा मोठ्या महाराजसाहेबांनी एका नवदीक्षित साध्वीजींना विचारलं, "बे बुक थई?" त्या हळूच म्हणाल्या, दुसरी चालू आहे. मला वाटलं, एखाद्या प्रकरणग्रंथाचे दोन भाग असतील. नंतर कळलं की ही डॉ. भांडारकरांची संस्कृतची दोन पाठ्यपुस्तकं! आपल्या श्वेतांबर समुदायांत दीक्षेनंतरचा अभ्यास कितीतरी वर्षं याच दोन पुस्तकांवरून सुरू होत आला आहे. "दोन बुक केल्या" म्हटलं की संस्कृतचा पाया झाला असं समजायचं.

गंमत म्हणजे रामकृष्ण गोपाळ भांडारकर जैन नव्हते आणि ही पुस्तकं त्यांनी साधू-साध्वींसाठी लिहिलीही नव्हती. त्यांचा जन्म 1837 चा. 1862 मध्ये मुंबई विद्यापीठाचे जे पहिले बी.ए. झाले, त्यांत न्यायमूर्ती रानड्यांबरोबर तेही होते. पुढे सिंधमधल्या हैदराबादला आणि मग रत्नागिरीला ते हायस्कूलचे हेडमास्तर झाले. इंग्रजी शाळांत संस्कृत शिकवायचं तर मुलांच्या हातात काय द्यायचं, ही तेव्हाची अडचण होती. तिच्यासाठी त्यांनी दोन पुस्तकं इंग्रजीत तयार केली. ती गुजरातीत आली तेव्हा पहिल्याचं नाव झालं मार्गोपदेशिका आणि दुसऱ्याचं मंदिरान्तःप्रवेशिका. म्हणजे आधी वाट दाखवायची, मग देवळाच्या आत न्यायचं. शाळेच्या पुस्तकाला इतकं सुंदर नाव मी दुसरं ऐकलं नाही.

त्याआधी शिकायची रीत वेगळी होती. शब्दरूपं पाठ, धातुरूपं पाठ, अमरकोश पाठ, मग व्याकरणाची सूत्रं पाठ. अर्थ मागाहून कळायचा, गुरू जवळ असले तर. पाठांतराला मी नावं ठेवणार नाही, आपली सूत्रं त्याच्याच बळावर टिकली. पण त्याला लहानपण हवं आणि रोज समोर बसणारे पंडित हवेत. विशीत-तिशीत दीक्षा घेतलेल्या आणि चातुर्मास संपला की विहार करणाऱ्या साध्वींना ते कसं जमावं?

भांडारकरांनी धडे पाडले. एका धड्यात थोडे नियम, थोडे शब्द, आणि लगेच वाक्यं. आधी संस्कृतातून आपल्या भाषेत, मग आपल्या भाषेतून संस्कृतात. मी कॉमर्सची, मला हे जमा आणि नावे यांसारखं वाटतं. एका बाजूला चूक झाली की दुसरी बाजू जुळतच नाही. सुरुवातीला नामं नाहीतच, नुसती क्रियापदं. वदामि म्हणजे मी बोलतो, वदसि म्हणजे तू बोलतोस. 'मी' वेगळा लिहायची गरज नाही, तो 'मि' मध्येच आला.

हे वाचलं त्या संध्याकाळी मी प्रतिक्रमणाला बसले आणि 'करेमि' या शब्दाशी थांबले. वोसिरामि, खामेमि, पडिक्कमामि, सगळीकडे तोच 'मि'! सात-आठ वर्षांची असल्यापासून मी हे शब्द म्हणत होते. करते आहे, सोडते आहे, खमावते आहे ती मीच, हे मला साठीत एका शाळेच्या पुस्तकातून कळलं. खरं सांगते, त्या दिवशी पुढचं सूत्र चुकलं.

सूत्रं प्राकृत, मग शिकायचं संस्कृत का, हे मीही विचारलं. उत्तर हेमचंद्राचार्यांपाशी आहे. बाराव्या शतकात पाटणला सिद्धराज जयसिंहाच्या इच्छेवरून त्यांनी सिद्धहेमशब्दानुशासन रचलं. त्याचे पहिले सात अध्याय संस्कृतचे आणि आठवा प्राकृतचा. सात येतात असं धरूनच आठवा लिहिलेला आहे. नियम शिकले तर ते वापरलेले कुठे पाहायचे? त्यासाठी त्यांनी द्वयाश्रय काव्य रचलं, संस्कृतात 20 सर्ग आणि प्राकृतात 8. गोष्ट राजांची, पण उदाहरणं व्याकरणाच्या क्रमानं. स्वाध्यायाचं पुस्तकच म्हणा ना.

प्रभावकचरितात पुढचं वर्णन आहे. राजानं 300 लेखक बसवून व्याकरणाच्या प्रती करवल्या, लांबलांबच्या देशांत पाठवल्या, आणि शिकवायला काकल नावाचे पंडित नेमले. ते दर महिन्याच्या शुद्ध पंचमीला परीक्षा घेत, आणि उत्तीर्ण होणाऱ्यांना राजाकडून अलंकार मिळत. आपण ज्ञानपंचमीला पुस्तकं मांडून वासक्षेप करतो, त्यांच्याकडे पंचमी म्हणजे परीक्षेचा दिवस होता!

विसाव्या शतकात पंडित शिवलाल नेमचंद शाह यांनी हेमचंद्राचार्यांच्या व्याकरणाला धरून हैम संस्कृत प्रवेशिका तयार केल्या, आणि आता पुष्कळ ठिकाणी त्याच चालतात. तिथे काळांची नावंही त्यांच्या परंपरेची आहेत, कालची ती ह्यस्तनी आणि उद्याची ती श्वस्तनी. मला ही नावं घरगुती वाटतात. पण धड्यांची मांडणी, थोडा नियम आणि लगेच वाक्यं, ती मात्र भांडारकरांची वाट सोडत नाही.

एक मात्र मला पटत नाही. काही ठिकाणी दोन बुक संपल्या की अभ्यास संपला असं धरतात. पुस्तकातली राजाची आणि वनाची वाक्यं सोडवता आली, तरी समोर मूळ टीका आली की गाडी अडते. माझे पंडितजी म्हणूनच प्रत्येक पाच धड्यांनंतर पुस्तक मिटायला लावतात आणि एखादं सूत्र काढून त्यातली क्रियापदं शोधायला सांगतात. त्यात मी निम्मी चुकते.

त्या साध्वीजींची दुसरी बुक विहाराआधी पूर्ण झाली. माझी पहिली अर्ध्यावर आहे. शेजारच्या सूनबाईंनी कालच विचारलं, काकू, मलाही बसू द्याल का? मी तिला पहिल्या धड्याची झेरॉक्स काढून दिली आहे.